पैठणला दहा दिवस

चैत्र वद्य एकादशी. धाराशिवहून आलेली एसटी तुम्हाला तेरला उतरवते आणि धुरळा उडवत पुढे निघून जाते. सकाळचे अकराच वाजलेत, पण मराठवाड्यातलं ऊन घड्याळ बघून चढत नाही. समोरून दिंडी येते आहे. पुढे पताका, मग वीणेकरी, मग टाळकऱ्यांच्या दोन रांगा. डांबर पाघळलंय, कित्येकांच्या पायांत काही नाही, तरी पावली चुकत नाही. एक म्हातारी डोक्यावरचं तुळशीवृंदावन जरासुद्धा न हलवता तुमच्याकडे बघते. तुमच्या कपाळावर बुक्का नाही, हे तिने लांबूनच हेरलंय.

"पहिल्यांदाच आलाव का?"

तुम्ही मान हलवता.

"मग आदी काकाच्या पाया पडा. हिंडायचं ते मागनं हिंडा."

काका म्हणजे गोरोबा कुंभार. बाकी महाराष्ट्राला ते संत, तेरला ते काका. शके 1239 मध्ये, म्हणजे 1317 साली, चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी देह ठेवला असं परंपरा सांगते. त्या तिथीच्या आगेमागे तेरणेच्या काठी ही यात्रा भरते आणि अमावास्येला उलगते. तुम्ही रांगेत उभे राहता. पुढचा माणूस कळंबकडचा, मागचा बार्शीचा. दोघं तुमच्या डोक्यावरून पावसाच्या अंदाजाच्या गप्पा मारतात. समाधीपाशी पोचल्यावर तुम्हाला जेमतेम दोन सेकंद मिळतात. डोकं टेकेपर्यंत मागून हात येतो, "चला माउली, चला."

बाहेर आल्यावर यात्रा नीट दिसते. रसवंतीचे घुंगरू, रेवड्या आणि बत्ताशांचे ढीग, चिरमुऱ्यांची पोती, टाळ विकणारा स्वतःच टाळ वाजवत बसलेला, पलीकडे पंगतीची आमटी उकळते आहे. आणि मडकी. माठ, घागरी, रांजण, पोरीबाळींच्या भातुकलीची बोळकी. चैत्रात माठ खपणारच, पण इथे आणखी एक हिशेब आहे. ही यात्रा अमावास्येला संपते आणि तिसऱ्या दिवशी अक्षय तृतीया येते. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाणी भरायला घरोघर मातीचं नवं भांडं लागतं. कुंभाराच्या पुण्यतिथीला आलेला माणूस परत जाताना कुंभाराकडूनच भांडं घेऊन जाईल, अशी ही पंचांगाची बेतशीर मांडणी कुणी ठरवून केलेली नाही. पण तिच्याइतका चोख कार्यक्रम कुठल्याही आयोजन समितीला जमलेला नाही.

हे सांगायचं कारण असं की, याच सुमारास, 18 एप्रिलला, जागतिक वारसा दिनही येतो. काही वर्षी तो आणि ही यात्रा अगदी शेजारी पडतात. वारसा दिनाला व्यासपीठ लागतं, समई लागते, पाहुणे लागतात आणि पाहुण्यांनी उशिरा येणंही लागतं. मला त्याबद्दल राग नाही. जुनी गावं आणि जुन्या पेठा लोकांना दाखवायच्या तर बोलावणं धाडावंच लागतं. तेरच्या यात्रेला मात्र कुणी कुणाला बोलावत नाही.

आता हिंडायला हरकत नाही. तेरमध्ये काळात मागे जायचं तर खाली उतरावं लागतं. गाव उंचवट्यांवर आहे. ते उंचवटे निसर्गाने केलेले नाहीत, माणसांच्या राहण्याने चढलेले आहेत. पडलेल्या भिंतीवर नवी भिंत, विझलेल्या चुलीवर नवी चूल. अशा जागेच्या मातीला आपल्याकडे पांढरी म्हणतात. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. तुमच्या पायाखाली दोन हजार वर्षांची पांढरी आहे.

पहिली पायरी अगदी उथळ. 2020, जानेवारीची 10 तारीख. तेरपासून वीस-बावीस किलोमीटरवर, त्या वेळी उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या शहरात तुम्ही मांडवात बसला आहात. त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. थंडी बोचरी, खुर्च्या प्लास्टिकच्या, पुस्तकांच्या दालनात खांद्याला खांदा. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचा एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी सारस्वताच्या अध्यक्षपदी बसला यावर आधी बरंच वादळ झालं, आणि प्रत्यक्षात दुखऱ्या पाठीने आलेला हा माणूस शांतपणे बोलतो आहे. या संमेलननगरीला नाव कुणाचं? गोरोबांचं. अख्ख्या जिल्ह्यातून एकच नाव निवडायचं झालं तेव्हा किल्ले नव्हते निवडले, सुलतान नव्हते, निजाम तर नव्हताच. चिखल तुडवणारा माणूस निवडला. तुमच्या शेजारची बाई तिळगुळाची वडी पुढे करते. ती तोंडात विरघळेपर्यंत तुम्ही पुढची पायरी उतरलेले असता.

विसाव्या शतकाच्या मध्यावरचं तेर. रात्रभर मृगाचा पाऊस पडून गेलाय. टेकाडांच्या उतारावरून ओहोळ वाहून गेलेत आणि धुपलेल्या मातीत काहीतरी चमकतंय. तुम्ही वाकता. लालसर दगडाचा मणी, आरपार भोक पाडलेला, बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा. पुढे शंखाच्या बांगडीचा तुकडा. आणखी पुढे पांढरट मातीचं मुंडकं, बोटाच्या पेराएवढं, पण केसांची रचना इतकी बारकाईने केलेली की न्हाणीपासून वेणीपर्यंतचा वेळ मोजता यावा. नांगराला असल्या वस्तू रोज लागतात. बहुतेक लोक त्या बांधावर टाकून देतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पेरणी अडलेली असते.

रामलिंगप्पा लामतुरे मात्र टाकून देत नाहीत. तेरचाच हा माणूस. ना पुरातत्त्व खात्यात नोकरी, ना विद्यापीठात. गावात सापडणाऱ्या वस्तू ते गोळा करत राहिले. मणी, नाणी, शिक्के, मूर्ती, खेळणी, दिवे. आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तेरमध्ये आहे आणि त्यात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. एखाद्या संस्थानिकाने हौसेने जमवलं असतं तर हा आकडा कदाचित मोठा वाटला नसता. एका गावकऱ्याने एका गावातून जमवलंय म्हटल्यावर तो पुन्हा एकदा वाचावासा वाटतो.

संग्रहालयात डोकावून घ्या, खाली उतरल्यावर उपयोगी पडेल. हस्तिदंतात कोरलेली एक स्त्री पाहा. हिची बहीण शोभावी अशी एक हस्तिदंती स्त्री 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात निघाली. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या शहरात. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात असते, ही तेरात. दुसरी वस्तू बघायला गंमत वाटेल अशी. मातीची बिल्ल्यासारखी पदकं, त्यांवर रोमन नाण्याचा ठसा आणि वर दोरा ओवायला भोक. सोन्याचं रोमन नाणं ज्याला परवडत नव्हतं त्याने, किंवा तिने, मातीचं करून गळ्यात घातलं. आजच्या यात्रेत एक ग्रॅम सोन्याचे दागिने विकणारा कुठे बसलाय, हे तुम्ही मघाशी पाहिलंच आहे.

पुढे टेकाडांत रीतसर खड्डे घेतले गेले आणि चापेकरांचा तेरच्या उत्खननाचा अहवाल 1969 मध्ये छापून आला. अशा खड्ड्याची कड करवतीने कापावी इतकी सरळ ठेवतात आणि तिच्यात थर दिसतात: राखेचा काळा, विटांच्या चुऱ्याचा तांबडा, पुराच्या गाळाचा पिवळट. कुदळीचा आवाज मध्येच बदलतो, तेव्हा सगळे हात थांबतात. तुम्ही त्याच कडेला पाठ टेकवून आणखी खाली सरकता.

1901. निजामाचं राज्य. तेरच्या पारावर माणसं बसलीत, ज्वारीची कणसं अजून हिरवी आहेत, आणि इथे कुणाच्या कानावरही नाही की हजारो मैलांवर लंडनला त्यांच्या गावाचा निकाल लागतो आहे. खटला जुना आहे. एका प्राचीन ग्रीक पुस्तकात दख्खनमधल्या तगर नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख होता आणि ते कुठे, यावर विद्वानांत शतकाहून अधिक काळ जुंपली होती. कुणी म्हणे देवगिरी-दौलताबाद. भगवानलाल इंद्रजींचा कौल जुन्नरला होता, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं. बीडच्या आसपासही बोट ठेवून झालं होतं. 1901 साली शिलालेखांचे जाणकार जॉन फेथफुल फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं: तगर म्हणजे तेर. नकाशावर ते नाव होतंच, फक्त तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. एवढे दिवस तगर हरवलं होतं ते विद्वानांचं. तेरकर त्याच्यात राहत होते.

मग हेन्री कझिन्स आले. यांच्याबरोबर मात्र तुम्ही गावभर चालू शकता, कारण हा माणूस फीत घेऊन प्रत्यक्ष मोजणारा होता आणि पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या वार्षिक अहवालात त्याने तेरवर लिहिलं. ते त्रिविक्रमाच्या देवळापाशी बराच वेळ उभे राहतात. तुम्हीही राहा. आत विष्णूचा त्रिविक्रम अवतार, पाय उचललेला. पण इमारत पाहा: विटांची, मागची बाजू अर्धगोल, छत गजपृष्ठाकार. कार्ले-भाज्याला डोंगरात कोरलेली चैत्यगृहं ज्या आकाराची, त्या आकाराची ही उभी बांधलेली वास्तू. मुळात हे बौद्ध चैत्य असावं असं कझिन्सना वाटलं. असं चैत्य भारतात उभं राहिलेलं फार विरळा, कारण बांधलेलं पडतं आणि कोरलेलं टिकतं. इथे टिकलं, कारण ते रिकामं कधी पडलं नाही. देव बदलले, दिवा चालू राहिला.

उत्तरेश्वराच्या देवळात कझिन्सना लाकडी दरवाजाची कोरीव चौकट दिसली. सहाव्या-सातव्या शतकाकडची म्हणतात. एवढ्या जुन्या काळातलं लाकूड आपल्या हवेत टिकलेलं आपण किती पाहिलंय? ती चौकट आता संग्रहालयात आहे. आणि तिथल्या विटा! इतक्या हलक्या की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. मातीत धान्याचं तूस मळायचं, भट्टीत ते जळून जातं आणि वीट आतून सच्छिद्र होते. तेरकर पाहुण्याला अजूनही हे मोठ्या खुशीत सांगतात.

आता जपून. पुढची पायरी ओली आहे.

तुम्ही एका अंगणात उतरता. चिखल, राख आणि लिदीचा वास. एका बाजूला चाक थांबलेलं, दुसरीकडे आवा रचून ठेवलेला पण अजून पेटवलेला नाही. ओट्यावर माणसं बसलीत आणि त्यांतल्या काहींना तुम्ही चित्रांतून ओळखता, पण चित्रांत दाखवतात त्यापेक्षा ती कितीतरी तरुण आहेत. हा कोवळ्या मिशीचा ज्ञानदेव. शेजारी निवृत्ती, सोपान. ही मुक्ताबाई, पोरगीच, पण तिच्याकडे बघून बोलताना सगळे जरा सावरून बसतात. तो नामदेव, पंढरपूरहून आलेला, विठोबा आपल्याशी बोलतो या खात्रीने ताठ. आणि हे यजमान, गोरोबा. वयाने सर्वांत वडील, म्हणून काका. गंमत अशी की परंपरेने दिलेलं 1267 हे जन्मसाल धरलं, तर ज्ञानदेवांच्या 1296च्या समाधीआधीच्या या भेटीत काकांनी अजून तिशीही गाठलेली नाही. विशीतल्या पोरांत अठ्ठावीस वर्षांचा माणूस काका होतो, एवढंच.

मुक्ताबाईचं लक्ष कोपऱ्यातल्या लाकडी थापटण्याकडे जातं. हे काय? गोरोबा सांगतात, याने मडकं थापटून बघायचं, भाजलेलं कुठलं आणि कच्चं कुठलं ते आवाजावरून कळतं. मग आम्हीही मडकीच की, ती म्हणते. बघा आमच्यात कोण कच्चं.

गोरोबा उठतात. एकेकाच्या डोक्यावर थापटणं. ज्ञानदेव डोळे मिटतात. सोपान हसू दाबतो. रांग तुमच्याकडे सरकते आणि तुमच्या लक्षात येतं की तुम्हीही ओट्यावरच बसला आहात. नामदेवाच्या डोक्यावर थापटणं पडतं आणि तो चिडतो. पाहुण्यांशी ही कसली वागणूक? गोरोबा शांतपणे निकाल देतात: हे मडकं कच्चं. पुढे नामदेव गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या डोक्यावर थापटणं पडतं तेव्हा कसा आवाज आला, ते तुमचं तुम्ही ठेवा.

हा इतिहास नव्हे, कथा आहे, हे मान्य. याच अंगणातली दुसरी कथा तर ऐकवत नाही: नामस्मरणात बुडून चिखल तुडवताना स्वतःचं रांगतं लेकरू पायाखाली आलं, कळलं नाही. कीर्तनकार ती रंगवतात आणि बायका डोळे पुसतात. ते मूल पुन्हा परत मिळालं, असा शेवट आहे. मला तो शेवट लोकांनी स्वतःसाठी केलेला वाटतो. त्याशिवाय ही कथा घेऊन कुणाला घरी जाता आलं नसतं. गावात गोरोबांचं घर म्हणून एक जागा दाखवतात. तिथे लोक पायांतलं काढून थांबतात आणि मग चिखलाच्या त्या जागेकडे बघतात.

पहिली कथा मात्र मला तेरच्या बाबतीत फार खरी वाटते. देशातल्या एवढ्या विद्वान मंडळींची पारख करायचा अधिकार कुणाला मिळाला? ज्याला मातीचा आवाज कळतो त्याला. आणि ती मंडळी त्याच्या दारी आली होती. त्याने देह ठेवला त्याच सुमारास तिकडे देवगिरीला यादवांचं राज्य संपलं. 1318च्या आसपास हरपाळदेवाला दिल्लीच्या सुलतानाने मारलं. तेरच्या यात्रेत हरपाळदेवाचं नाव कुणी घेत नाही.

पुढच्या चार-पाच पायऱ्या भराभर उतरा. बाराव्या शतकाच्या आसपास ठाण्याला आणि कोल्हापूरला शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत एक बिरुद मिरवताहेत, 'तगरपुरवराधीश्वर', थोर तगर नगराचे स्वामी. तगर त्यांच्या ताब्यात नाही, कदाचित त्यांनी पाहिलेलंही नाही, पण आपलं मूळ तिथलं हे सांगितल्याशिवाय त्यांचा लेख पुरा होत नाही. मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूस गावाचं नाव सांगतो, तीच ही गोष्ट. साधारण अकराव्या शतकात कनकामर नावाचा जैन मुनी अपभ्रंशात 'करकंडचरिउ' लिहितो आणि त्यात राजा करकंड तेरापूरला येतो, धाराशिवच्या डोंगरातल्या लेण्यांत पार्श्वनाथाची मूर्ती त्याला मिळते. धाराशिवची ती लेणी आजही शहराच्या कडेला आहेत आणि तेरचं महावीराचं देऊळ जैन यात्रेकरूंचं ठिकाण आहे. म्हणजे हिंदू, जैन, बौद्ध अशा प्रत्येकाच्या खात्यावर तेरची एक नोंद आहे, आणि यातलं बरंचसं तेरबाहेर बसून लिहिलेलं आहे.

तळ लागला. इसवी सनाचं पहिलं शतक, पाऊसकाळ सरून वाटा नुकत्याच वाळलेल्या.

इथली भाषा प्राकृत आहे. ती तुम्हाला कळते असं धरू आणि आजच्या तेरच्या बोलीत ऐकू. तेरणा भरून वाहते आहे. बाजार ओळखीचा वाटतो, कारण यात्रेत नुकताच पाहिलाय. फरक एवढाच की इथे कापड जास्त. जाडंभरडं, अंगावर कसंही वापरावं असं. त्याच्या पलीकडे तऱ्हतऱ्हेची मलमल, बोटांमधून निसटणारी. समुद्रकाठच्या मुलखातून आलेला मालही इथेच उतरतो आणि इथूनच पुढे जातो. आसपासची सगळी काळी माती कापसाची आहे. ज्या कापडासाठी हे नगर समुद्रापलीकडे ठाऊक झालं, त्यातला एक धागाही दोन हजार वर्षं टिकणार नाही. टिकेल ते पलीकडच्या आळीत चाललंय: साच्यात पांढरी माती दाबून बाहुल्या काढणारी बाई, मणी घासणारं पोरगं, आणि सातवाहनांची शिशाची नाणी मोजणारा दुकानदार, जो ती घेताना तोंड वाकडं करतो पण घेतो.

ती बाई तुम्हाला मातीचं पदक दाखवते. त्यावर कुणा परक्या राजाचं तोंड.

"कोण आहे हा?" तुम्ही विचारता.

"कुणाला ठाऊक! लांबचा हाय. पोरी घेत्यात म्हून करते."

तो बहुधा तिबेरियस असावा. रोमचा सम्राट तेरच्या बाजारात गळ्यात घालायच्या कामाचा, बाकी त्याचं इथे काही चालत नाही.

वेशीपाशी गाड्या लागल्यात. गठ्ठे आवळून बांधताहेत, वंगण घातलं तरी आस कुरकुरतोच आहे. या गाड्या आधी पैठणला, सातवाहनांच्या राजधानीला जातील. तिथे अकीकासारख्या दगडांचा माल मिळेल, मग सगळा मिळून भडोचच्या बंदरात. तिथे ग्रीक बोलणारे व्यापारी वाट बघताहेत. त्यांनी जहाजांतून दारू आणलीय, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि सोन्या-चांदीची नाणी. राजासाठी गाणारी पोरं आणि जनानखान्यासाठी मुलीही आणल्यात, हे त्यांच्याच एका पुस्तकात सरळ लिहिलेलं आहे, आणि व्यापाराच्या कौतुकात आपण तो भाग वगळू नये.

त्या पुस्तकाचं नाव 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस'. लिहिणारा मिसरकडचा कुणी ग्रीक व्यापारी, नाव अज्ञात. तो बंदरांचा माणूस, त्याच्या पुस्तकात किनारे येतात, वारे येतात, भडोचच्या खाडीतली भयंकर भरती-ओहोटी येते. आतल्या मुलखाबद्दल तो लिहितो ते ऐकीव. तगर हे फार मोठं नगर, तिथून माल गाड्यांतून, वाट नसलेल्या मोठाल्या मुलखातून येतो, एवढं सांगतो. आणि अंतरं देतो: भडोचहून दक्षिणेला पैठण वीस दिवस. पैठणहून पूर्वेला तगर दहा दिवस.

दिवसांत. समुद्राचं बोलताना तो ग्रीकांच्या स्तादियात मोजतो, इथे दिवस मोजतो. दिवसांत अंतर कोण सांगतं? बैल हाकणारा. आणि हिशेब लावून बघा. तेर ते पैठण सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर, भडोच ते पैठण साडेतीनशे. दोन्हीकडे रोजची चाल साधारण पंधरा ते साडेसतरा किलोमीटर येते. भरलेल्या गाडीच्या बैलाची ती चाल आहे. माझी तरी अशी समजूत झाली आहे की या लेखी उल्लेखात तेरच्या वाटेचा आकडा एखाद्या गाडीवानाच्या तोंडचा आहे.

म्हणून तुम्ही त्याला गाठता. तो जू बांधतो आहे.

"दादा, पैठण किती लांब?"

"दहा दिस."

"आणि पुढे भडोच?"

"वीस. पावसानं वाटा धरल्या तर मला इचारू नगा."

"तिथे एक ग्रीक भेटेल. पुस्तक लिहितोय. आपलं गाव कुठे, म्हणून विचारेल."

गाडीवान बैलाच्या पाठीवर थाप मारतो आणि हात लांब करतो. "सांगतो की. पैठणापसनं उगवतीला." खरं तर तेर पैठणच्या पूर्वेपेक्षा दक्षिणेलाच जास्त आहे. याच हाताने पुढे विद्वानांची शंभर वर्षं जाणार आहेत.

"त्याला म्हणावं, स्वतः येऊन बघ एकदा."

"येतोय कशाला!" तो गाडीवर चढतो. "हितवर यायला चालावं लागतंय. तिथंच बसून लिवील, बघा तुम्ही. सरका आता, चाक पायावरनं जाईल."